गुडघ्याचं दुखणं

पंचवटीतल्या एका जुन्या वाड्यात एक बाई राहत होत्या. साठी ओलांडलेली, अंगानं काटक, आवाज खणखणीत. सगळी गल्ली त्यांना काकू म्हणायची. भांडी बाजारात मुलाचं लहानसं दुकान होतं. घरात सून होती, दोन नातवंडं होती. काकूंची तीन बाळंतपणं याच वाड्यात झाली होती. तिसऱ्या खेपेला सव्वा महिना व्हायच्या आतच त्या पाण्याचे हंडे उचलायला लागल्या होत्या.

काकूंचा जीव भजनात होता. पौष वद्य एकादशीला त्र्यंबकेश्वरी संत निवृत्तिनाथांच्या समाधीची यात्रा भरायची आणि जिल्ह्याभरातून दिंड्या पायी यायच्या. पंचवटीतूनही एक दिंडी निघायची. नाशिक ते त्र्यंबक सुमारे ३० किलोमीटरची वाट. काकू ती दर वर्षी टाळ वाजवत चालायच्या. विसाव्याला बायकांची फुगडी सुरू झाली, की पहिली जोडी त्यांची असायची.

एका पौषात थंडी फार होती. महिरावणीच्या पुढे दिंडी थांबली, बायकांनी फेर धरला. काकूंनी एका तरण्या मुलीचे हात धरले आणि दोघी गरगर फिरू लागल्या. फिरता फिरता काकूंना हसू आलं, हसताना खोकला आला, आणि लघवी सुटली. शिंकताना एखादा थेंब जायचा, तो त्या मनावर घेत नसत. आज परकर भिजला आणि पायावरून ओघळ आला.

काकू हात सोडून मटकन खाली बसल्या.

"काय झालं हो काकू?" बायका धावत आल्या.

काकूंनी लुगडं आवरलं. "गुडघा," त्या म्हणाल्या. "गुडघ्यात चमक भरली."

बायकांनी त्यांना एका जीपमध्ये बसवून घरी पाठवून दिलं. त्या वर्षी काकूंना समाधीचं दर्शन झालं नाही.

घरी आल्यावर गुडघा दुखतच राहिला. म्हणजे, काकू तसं सांगत राहिल्या. मंगळवारी भजनी मंडळ जमायचं, तिथून बोलावणं आलं की त्या गुडघा पुढे करायच्या. लग्नाची पत्रिका आली की गुडघा. नातवानं रंगपंचमीच्या रंगाचा हौद, म्हणजे रहाड, बघायला चल म्हटलं, तर गुडघा. चैत्रात कामदा एकादशीला रामरथ आणि गरुडरथ निघाले, साऱ्या पंचवटीत गुलाल उडाला, आणि काकूंनी रथ खिडकीतून पाहिले.

मुलगा आईवर माया करणारा होता. त्यानं महानारायण तेल आणलं, गुडघ्याला बांधायचा पट्टा आणला. दवाखान्यात नेऊन फोटो काढला. डॉक्टर म्हणाले, वयोमानाप्रमाणे थोडी झीज आहे. साठीनंतर पुष्कळांचा गुडघा असाच दिसतो, पण त्या फोटोमुळे काकूंच्या बोलण्याला पुरावा मिळाला. मुलगा काठी घेऊन आला. काकू काठी टेकत चालू लागल्या.

खरं दुखणं मात्र काकू एकट्याच सांभाळत होत्या. त्यांनी पाणी तोडलं. सकाळी चहा, जेवताना पाण्याचे दोन घोट, मग मधूनमधून पुन्हा चहा. घशाला कोरड पडली तरी तांब्याकडे बघायचं नाही. जुन्या सुती लुगड्याच्या घड्या करून त्या आत ठेवायच्या. त्या घड्या पहाटे सगळ्यांच्या आधी उठून धुवायच्या आणि कोणाला दिसू नयेत म्हणून खोलीतच, परकराखाली झाकून वाळत घालायच्या. त्या धड वाळायच्या नाहीत. दमट कापडानं मांड्या चोळल्या जाऊन लाल झाल्या. वास येईल या भीतीनं देवापाशी दिवसभर उदबत्ती जळत राहिली. संडास वाड्याच्या मागच्या अंगणात होता. घाई होण्याआधीच जाऊन आलेलं बरं, असं म्हणून काकू तासातासाला तिकडे फेरी मारू लागल्या.

पण जेवढं त्या जपत होत्या, तेवढं ते वाढत होतं. पाणी कमी झाल्यावर लघवी दाट झाली, तिनं मूत्राशय चिडलं आणि घाई आणखी व्हायला लागली. पोटाला पाणी नाही म्हणून शौचाला कडक झालं. कुंथावं लागलं, की आधीच सैल पडलेल्या स्नायूंवर आणखी भार. चालणं थांबलं, अंग वाढलं, त्याचाही भार. आधी फक्त खोकताना जायची, ती आता नळाचं पाणी वाजलं तरी धीर धरेना.

आषाढ गेला. श्रावणात मुलानं मालिश करणाऱ्या मावशींना बोलावलं. या मावशींनी अर्ध्या गल्लीतल्या बाळंतिणींना शेकलं होतं, बाळांना न्हाऊ घातलं होतं. काकूंच्या सुनेची दोन्ही बाळंतपणं त्यांच्याच हातची. कोमट तेल घेऊन त्या बसल्या. त्यांनी गुडघ्याच्या वाटीवरून अंगठा फिरवला, पाय दुमडला, सरळ केला, पुन्हा दुमडला. दुसरा पाय घेतला. मग हात पुसले.

"काकू, गुडघा चांगला आहे की तुमचा."

काकू काही बोलल्या नाहीत.

"माझ्या हाताखालून इतके गुडघे गेले. दुखरा गुडघा हात लावू देत नाही. हा तर मुकाट्यानं वळतोय. मग काय दुखतंय?"

काकूंनी दाराकडे पाहिलं. दार लोटलेलं होतं. तरीही त्यांनी आवाज खाली आणला आणि महिरावणीपासून सगळं सांगितलं. सांगताना त्या भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या.

मावशींनी मध्ये एकदाही अरेरे म्हटलं नाही. सगळं ऐकून झाल्यावर त्या म्हणाल्या, "पाणी कधीपासून सोडलंत?"

"पौषापासून."

"ते आधी सुरू करा. आणि उद्या माझ्याबरोबर डॉक्टरीणबाईंकडे चला. माझ्या मालिशीचं हे काम नाही."

दुसऱ्या दिवशी दोघी गेल्या. काठी घरी राहिली होती, हे काकूंच्या रस्त्यात लक्षात आलं.

डॉक्टरीणबाईंनी नीट तपासलं. लघवीत जंतू नव्हते. रक्तात साखर वाढलेली नव्हती. अंग बाहेर आलेलं नव्हतं. रक्तदाबाची कुठली गोळी आहे का, जुना खोकला आहे का, बाळंतपणं किती, सगळं विचारलं. मग म्हणाल्या, "काकू, हे घरच्या घरी पुष्कळ आटोक्यात येतं. पण आधी तपासणी लागते, ती झाली. लघवीत रक्त दिसलं, जळजळ झाली, ताप आला, लघवी अडली किंवा पायांतली ताकद एकदम गेली, तर मात्र घरी बसून व्यायाम करत राहायचं नाही. तडक यायचं."

त्यांनी तीन दिवसांची नोंद करायला सांगितली. कधी आणि काय प्यालं, कधी लघवीला गेलं, कधी सुटली. काकूंना लिहिण्याचा कंटाळा होता. म्हणून हे काम सुनेकडे गेलं, आणि म्हणून सुनेलाही सांगावं लागलं. नातवाच्या जुन्या वहीच्या कोऱ्या पानांवर सून लिहीत गेली. तीन दिवसांनी वही उघडली, तेव्हा दुखण्याचा सगळा चेहरा त्यात दिसला. चहा चार-पाच वेळा, पाणी जेमतेम तीन पेले, आणि लघवीच्या फेऱ्या दिवसाला सोळा-सतरा.

"मोठ्या माणसाच्या मूत्राशयात ३०० ते ५०० मिलिलिटर लघवी सहज मावते," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तुम्ही पेलाभर साठायच्या आतच उठताय. मग त्याला तेवढ्यावरच भरल्याची सवय लागली. ती सवय हळूहळू मोडायची."

मग त्यांनी व्यायाम शिकवला. चारचौघांत बसलं असताना वायू अडवायचा असेल, तर जो भाग आपण आत ओढून घेतो, तो भाग. तोच आवळायचा आणि वर ओढायचा. पोट ताठ करायचं नाही, मांड्या दाबायच्या नाहीत, श्वास कोंडायचा नाही. थोडा वेळ धरायचा आणि तेवढाच वेळ पूर्ण सैल सोडायचा. असं आठ-दहा वेळा, दिवसातून तीनदा. लघवी करताना मध्येच धार अडवून हा सराव करायचा नाही. या व्यायामाला अमेरिकेतले स्त्रीरोगतज्ज्ञ अर्नोल्ड केगेल यांचं नाव आहे, त्यांनी १९४८ साली तो डॉक्टरांपुढे मांडला. आपल्या हठयोगातला मूलबंधही याच्याच जवळचा.

"गुण कधी येईल?" काकूंनी विचारलं.

"तीन महिने नेमानं करा. मग मला विचारा."

काकू घरी आल्या. पहिले दोन दिवस त्यांना तो भाग सापडेचना. पोट आवळलं जायचं, नाही तर दातांवर दात बसायचे. तिसऱ्या दिवशी पहाटे अंथरुणात गुडघे दुमडून पडल्या असताना नेमकी हालचाल कळली. आकडे मोजायचा त्यांना वीट यायचा. मग त्यांनी मनातल्या मनात भजनी ठेका धरला. आठ मात्रांतल्या चार मात्रा धरायचं, चार मात्रा सोडायचं. टाळासारखंच होतं ते. टाळ मिटलेलेच धरून ठेवले तर वाजत नाहीत, उघडावेही लागतात.

सुनेनं संडासाच्या वाटेवर दिवा लावून घेतला, आत धरायला एक दांडी बसवून घेतली. सासऱ्यांच्या वेळचा तांब्याचा तांब्या घासूनपुसून रोज सकाळी काकूंच्या शेजारी भरून ठेवला. दिवसभरात दीड-दोन लिटर पाणी, पण थोडं थोडं. झोपायच्या आधी दोन-तीन तास पाणी कमी. चहा सकाळचा एक आणि दुपारचा अर्धा. जेवणात पालेभाजी वाढली, बाजरीची भाकरी आली, पोट साफ राहू लागलं. घड्या आता अंगणातल्या दोरीवर लख्ख उन्हात वाळू लागल्या. शेजारणीनं पाहिलं, काही विचारलं नाही.

घाई आली की धावायचं नाही, हे सगळ्यात अवघड होतं. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, धावलं की वाटेतच सुटते. जागच्या जागी थांबायचं, तो भाग चार-पाच वेळा पटापट आवळायचा. घाईची लाट येते आणि ओसरते. ती ओसरल्यावर सावकाश चालत जायचं. पहिल्या आठवड्यात काकू तासावर पंधरा मिनिटं थांबल्या. मग दीड तास. खोकला येतोय असं वाटलं की आधी आवळायचं आणि मग खोकायचं.

महिना झाला. फारसा फरक दिसेना. एका संध्याकाळी दूध उतू जाताना भांडं उचलायला काकू वाकल्या आणि पुन्हा लुगडं भिजलं. त्या ओट्यापाशीच बसून राहिल्या. "नाही व्हायचं हे," त्या सुनेला म्हणाल्या. "म्हातारपण आहे. पुरे झाला हा खेळ."

सून फडकं घेऊन आली. जमीन पुसता पुसता ती म्हणाली, "आई, एक सांगू? धाकट्याच्या वेळेपासून माझंही असंच होतं. जोरात शिंकले की. तुम्ही करताय ते बघून मीही रोज करतेय. तुम्ही सोडलंत तर मीही सोडीन."

काकूंनी तिच्याकडे पाहिलं. चार वर्षं ही पोर पाण्याच्या बादल्या उचलत होती. आपल्यालाही कोणी सांगितलं नव्हतं आणि आपणही हिला विचारलं नव्हतं. काकूंनी तिच्या हातातलं फडकं घेतलं. "उद्या पहाटे इकडेच ये," त्या म्हणाल्या. "दोघी मिळून करू. ठेका मी धरते."

भाद्रपद गेला, नवरात्र आलं. दोन फेऱ्यांमधलं अंतर पंधरा-पंधरा मिनिटांनी वाढत अडीच तासांवर गेलं. रात्री चारदा उठणं दोनदा झालं. काठी दाराच्या मागे पडून राहिली. दिवाळी जवळ आली तसं काकूंनी सकाळ-संध्याकाळ गोदेच्या काठानं चालायला सुरुवात केली. वाढलेलं वजन थोडं उतरलं. पूर्ण गेलं का? नाही. जोराची शिंक अवचित आली तर अजून एखादा थेंब जायचा. पण आता काकूंना ठाऊक होतं, की एखाद्या थेंबानं आभाळ कोसळत नाही. बाहेर पडताना एक घडी असायची, पिशवीत दुसरी असायची.

कार्तिकातल्या एका मंगळवारी काकू भजनी मंडळात गेल्या. बायकांनी जागा करून दिली. कोणीतरी त्यांच्यासाठी खुर्ची आणली. "गुडघ्याला बरं वाटतंय ना काकू?"

काकू खाली सतरंजीवर बसल्या.

"गुडघा दुखतच नव्हता," त्या म्हणाल्या. "मला लघवी धरवत नव्हती. फुगडीत सुटली, म्हणून पळून गेले."

पेटी वाजवणाऱ्या बाईंचा हात थांबला. खोलीत थोडा वेळ कोणी बोललं नाही. मग दाराजवळ बसलेली एक जण म्हणाली, "म्हणून तर मी दाराशी बसते." तिच्या शेजारची म्हणाली, "मी दिंडीच्या दिवशी पाणीच पीत नाही. मागच्या साली अंजनेरीला चक्कर आली ती त्यानंच." तिसरीनं सांगितलं, तिच्या घरच्यांना वाटतं तिला गाडी लागते, म्हणून ती बसनं कुठे जात नाही.

त्या दिवशी भजन उशिरा सुरू झालं. आधी काकूंनी सगळ्यांना पाठीवर निजवून व्यायाम शिकवला. एक जण म्हणाली, तिला कधी कधी लघवीत लाल दिसतं. काकूंनी तिला व्यायाम शिकवला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा हात धरून तिला डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

ज्या अवयवाचं नाव घ्यायला जीभ कचरते, त्याचं दुखणं बायका दुसऱ्या कुठल्या तरी अवयवाच्या नावावर सांगत आल्या आहेत. मग तेल गुडघ्याला लागतं, पट्टा गुडघ्याला बसतो, माया करणारा मुलगाही गुडघ्यावरच माया करतो. घरचे वाईट नसतात. त्यांना पत्ता चुकीचा मिळालेला असतो. काकूंना पाण्यानं, व्यायामानं आणि नेमानं गुण आला खरा, पण मावशींनी विचारलं आणि काकूंनी खरं सांगितलं, त्या दुपारीच तो यायला सुरुवात झाली होती.

मार्गशीर्षात दिंडीची तयारी सुरू झाली. काकू आणखी दोघींना घेऊन विणेकरी बुवांकडे गेल्या. बुवा पंचाहत्तरीचे होते. वाटेतले विसावे त्यांच्या वहीत वर्षानुवर्षं तेच होते.

"बुवा, या साली विसावे वाढवायचे," काकू म्हणाल्या. "दर दोन तासांनी एक. आणि जिथे बायकांसाठी संडास असेल तिथेच. नाही तर बायका पाणी पीत नाहीत आणि वाटेत पडतात."

बुवांनी वही उघडली. बराच वेळ ते पानाकडे बघत राहिले. मग चष्मा पुसत म्हणाले, "महिरावणीच्या आधी एक विसावा लागेल. तिथपर्यंत मलाही धीर निघत नाही. दोन वर्षं झाली, मीही पाणी न पिताच निघतो."

"बुवा, तुम्ही डॉक्टरांना दाखवलंत?"

"नाही."

"पुरुषांना या वयात प्रोस्टेटचं असतं म्हणतात. दिंडीच्या आधी दाखवून या. मी मुलाला सांगते तुमच्याबरोबर जायला."

बुवांनी मान हलवली आणि वहीत नवे विसावे लिहायला घेतले. एक सातपूरच्या पुढे, एक महिरावणीला, एक अंजनेरीला, एक पेगलवाडीला. त्यातल्या दोन ठिकाणी शाळा होत्या, आणि शाळांत संडास होते. पण एकादशीच्या आदल्या दिवशी ते उघडे मिळतील का, किल्ली कोणाकडे असते, आणि पाणी असतं का, हे कोणालाच ठाऊक नव्हतं.

ते विचारून यायला काकू दुसऱ्या दिवशी सकाळी सुनेला घेऊन त्र्यंबकच्या बसमध्ये बसल्या. पिशवीत वही होती, पेन होतं आणि पाण्याची भरलेली बाटली होती.